नीलाक्काची मूठ आणि माझा कागद

मी अकरा वर्षं दुसऱ्याच्या भांड्यात बोट घालून स्वतःचं पोट भरलं. असं सांगितलं की लोक हसतात. माझे जावई पाहुण्यांसमोर ‘आमचे मामा सोलापुरात मॅनेजर होते’ एवढंच सांगून विषय बदलतात. मॅनेजर वगैरे मी काही नव्हतो. बसलिंगप्पांच्या खानावळीत मी चव घेत असे. सकाळी चटणीची, दुपारी आमटीची, संध्याकाळी पुन्हा दोन्हींची. बिघडली असेल तर सांगायचं, का बिघडली ते शोधायचं, आणि उद्या बिघडणार नाही अशी तजवीज करायची. या कामाला तेव्हा नाव नव्हतं आणि अजूनही असेलसं वाटत नाही.

पहिली जागतिक लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती. सोलापुरातल्या गिरण्यांना माणसं हवी होती आणि आमच्या वळसंगसारख्या गावांतून ती येतही होती. बायकामुलं गावी, कमाई इथं. असा एकटा माणूस दिवसभर मागावर उभा राहून आल्यावर चूल कुठं पेटवणार? त्याच्यासाठी खानावळ. पाटीवर जात लिहिलेली असे. आमच्याही पाटीवर होती. ती वाचून काही माणसं पायरी चढत आणि काही पायरीवरून परत फिरत. परत फिरणाऱ्यांकडे आम्ही पाहत नसू. आज त्याची लाज वाटते, तेव्हा वाटली नाही, हेही लिहून ठेवतो.

बसलिंगप्पांना सगळे आप्पा म्हणत. उंच, गोरे, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, बोलणं मऊ पण पाय एका जागी ठरत नसत. पाटीवर नाव त्यांचं होतं, तरी खानावळ उभी केली होती त्यांच्या थोरल्या बहिणीनं. नीलव्वा तिचं नाव. सगळे नीलाक्का म्हणत. लहानपणीच कपाळ पांढरं झालेली, भावाकडे परत आलेली. गिरणीत लागलेल्या गावच्या चार पोरांना तिनं आधी घरातच भाकरी-चटणी घातली. चाराचे चाळीस झाले तेव्हा आप्पांनी गिरणीच्या फाटकासमोर जागा घेतली.

खानावळीचं जेवण म्हणजे काय ते आजच्या वाचकाला सांगायला हवं. शाळूची भाकरी, आमटी, एखादी उसळ, कांदा, ताक आणि शेंगांची चटणी. माणूस खानावळ बदलतो ते भाकरी आणि चटणी या दोनच गोष्टींवरून. भाकरीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा संपतो. मग कितीही मळा, भाकरी कडेनं फाटते. आणि चटणी वाटायची नसते, कुटायची असते. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं उखळात घालून इतकं कुटायचं की दाण्यांनी आपलं तेल सोडावं आणि चटणीचे गोळे व्हावेत. घाई केली तर ती कोरडी भुकटी होते. जास्त कुटली तर लगदा होतो. या दोहोंच्या मधली जागा नीलाक्काला बरोबर सापडत असे. मुसळाचा आवाज बदलला की ती थांबे.

मी तिथं वाढपी म्हणून लागलो. मराठी सातवी झालो होतो, अक्षर बरं होतं. एक दिवस चटणीची परात बाहेर आली, मी नेहमीप्रमाणं चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणालो, “अक्का, मिरची बदलली का?” ती चुलीपुढून उठून आली. दुकानदारानं ब्याडगीत दुसरीच कुठली तरी मिरची मिसळून दिली होती. रंग तोच होता, पण तिखट घशात उतरत नव्हतं, टाळूलाच चिकटत होतं. आप्पांनी मला त्याच दिवशी वाढप्यातून काढलं आणि म्हणाले, “आजपासनं तू फकस्त चाखायचं.”

दोन वर्षांनी आप्पांनी स्टेशनाजवळ दुसरी खानावळ काढली. जागा मोक्याची होती. उतारू, हमाल, बाजाराला येणारे व्यापारी, सगळे तिकडूनच जाणार. पाटी तीच, पाट तसेच, आचारी नीलाक्कानं स्वतः शिकवलेला. पहिल्या पंधरवड्यात जागा मिळत नव्हती. पुढं मिळू लागली.

काय झालंय ते मला नरसय्यांनी सांगितलं. नरसय्या म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. तेलुगू विणकर, बायको वारलेली, घरी स्वतःचे दोन हातमाग. वर्षानुवर्षं नीलाक्काच्या हातचं जेवलेले. स्टेशनाकडे काही कामाला गेले, आमची पाटी बघून आत बसले. मी तिथंच होतो. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, खाल्ला आणि ताट हळूच पुढं सरकवलं.

“मल्लाप्पा, हा चटणी नीलाक्काचा न्हाय.”

“तिनंच शिकवलंय की, नरसय्या.”

“शिकवला असंल. पन हा तिचा न्हाय.” उठताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमी पाटी लावला, मी पाटी वाचून आत आला. आता मी पाटी वाचनार न्हाय.”

हे शब्द मी आप्पांना जसेच्या तसे सांगितले. ते बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. मग म्हणाले, “एका मानसाचं बोलनं हाय, पन खरं हाय. पाटी म्हंजी वचन असतंय. दोन जागी दोन चवी झाल्या की वचन मोडलं.”

मी शोधायला लागलो. स्टेशनाकडच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, म्हणून आमटी वेगळी लागे. पीठ नव्या यंत्राच्या गिरणीवरून येई, ते गरमच पोत्यात भरलं जाई आणि दोन दिवसांत विरी जाई. हे दोन्ही सुधारलं. चटणी मात्र काही केल्या जुळेना. आचारी शपथेवर सांगे, “अक्का सांगत्यात तसंच करतो.” तेव्हा मीच आप्पांना म्हणालो, “अक्का करत्यात ते मापून लिहून काढू. एकदा कागदावर आलं की कुटंबी तेच हुईल.” कल्पना माझी होती. आप्पांची नव्हती. पुढं सगळे त्यांना बोल लावत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तागडी, वजनं आणि दौत-टाक घेऊन मी नीलाक्काशेजारी बसलो. तिला हा सगळा खेळ वाटला.

“अक्का, मीठ किती घेतलं?”

“मूठभर.”

“मूठ म्हंजी किती?”

“माझी मूठ. ही बग.” तिनं मूठ उघडून दाखवली. मी तिच्या हातातलं मीठ तागडीत ओतून घ्यायचो, वजन लिहायचो, मग ती उखळात टाकायची. दाणे भाजताना मी मनात आकडे मोजायचो. मुसळाचे घाव मोजायचो. ती मधेच थांबून दाणा दाताखाली धरायची, एखादी लसणीची पाकळी परत ठेवायची, कधी तिखटाची चिमूट झटकून टाकायची. मला वाटे, ही हातचलाखी आहे, सवय आहे, तिचं वजन काय करायचं? आठ दिवस मापं घेतली आणि आठही दिवसांचे आकडे थोडेथोडे वेगळे आले. मी त्यांची सरासरी काढली. शाळेत सरासरी मला फार छान जमायची.

“झालं का रे मोजून?” नवव्या दिवशी तिनं विचारलं.

“झालं.”

“मग आता मी मेले तरी चालतंय म्हन की.” ती हसली. मीही हसलो.

त्या कागदावरून मी पत्रेकाम करणाऱ्याकडून डबीसारखी मापं करून घेतली. मिठाचं वेगळं, तिखटाचं वेगळं, लसणीचं वेगळं. प्रत्येकावर खूण. स्टेशनाच्या आचाऱ्यानं मापं वापरायला सुरुवात केली आणि चटणी जुळली. हुबेहूब नव्हे, पण दहातल्या नऊ जणांना फरक सांगता आला नसता. एका पेढीचा फिरता विक्रेता सकाळी गिरणीपाशी आणि संध्याकाळी स्टेशनाजवळ जेवला आणि गल्ल्यापाशी येऊन म्हणाला, “वा! डोळे मिटून जेवलो तर मी कुठं बसलोय ते कळायचं नाही.” ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवलं. यापेक्षा मोठी शाबासकी मला तेव्हा सुचलीच नसती.

पण माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. गिरणीच्या खानावळीतून स्टेशनावर, तिथून परत, दिवसातून चार फेऱ्या. जीभ साफ राहावी म्हणून विडी सोडली, पान सोडलं, घरी तिखट खाणं सोडलं. बायकोनं प्रेमानं काही केलं तरी पहिल्या घासाला माझ्या कपाळावर आठी पडे. चूक शोधायची सवय लागलेली. एक दिवस ती ताट वाढून म्हणाली, “तुमी जेवता का तपासता?”  रस्त्यानं चालताना दुसऱ्यांच्या फोडणीचा वास आला तरी मी मनात मापं घेत असे. झोपेतसुद्धा दात दाण्यांवर फिरत, असं ती सांगे.

अशात आप्पांनी करमाळ्याला तिसरी खानावळ काढली. करमाळ्याचा बाजार मोठा, शिवाय कमलाभवानीला येणारी माणसं. जेऊर स्टेशनला उतरायचं आणि पुढं मोटारीनं धूळ खात जायचं. सोलापूरहून कुणी आचारी तिथं राहायला तयार होईना, म्हणून तिथलीच एक बाई ठेवली. पारूबाई. आमच्याच समाजातली, चाळिशीची, नवरा अंथरुणाला खिळलेला. मी मापं घेऊन गेलो, चार दिवस राहून शिकवलं. ती एकही शब्द न बोलता शिकली. परत येताना मी खूश होतो.

तीन महिन्यांनी न कळवता गेलो. बाजाराचा दिवस होता. खानावळीत माणूस मावत नव्हता. अंगणात बैलगाड्या सोडून लोक गाडीच्या सावलीत ताटं घेऊन बसले होते. माझी छाती फुगली. आत जाऊन बोट घातलं आणि जागच्या जागी थांबलो. चटणीत दाण्यांबरोबर कारळं होतं, लसूण दुप्पट होता. आमटीच्या पातेल्यात तर आमटीच नव्हती. हुलग्याच्या पिठाचे बोटाएवढे शेंगोळे लसणीच्या रश्शात उकळत होते.

“पारूबाई, हे काय?”

“शेंगोळे हायत.”

“ते दिसतंय मला. आपल्या खानावळीत हे कधी केलंय का?”

तिनं पदरानं घाम पुसला. “पयल्या म्हयन्यात तुमच्या कागदावानी केलं. लोक एकदा आले, परत न्हाय आले. हितला माणूस चार कोस गाडी हाकून येतो. त्याला पातळ आमटी नगं, पोटाला धरून ऱ्हाईल असं पायजे. म्हून केलं. बगा की, किती बसल्यात.”

“बसू द्या. पन पाटी आप्पांची हाय. सोलापूरचा माणूस हितं आला तर त्याला काय वाटंल?”

“सोलापूरचा माणूस म्हयन्यात एक येतो,” पारूबाई म्हणाली. “हे रोज येत्यात.”

तिचं म्हणणं मला कळलं होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण माझ्या कानात नरसय्यांचे शब्द होते आणि डोळ्यांपुढे माझी मापं होती, जी तिच्या फळीवर पालथी घालून ठेवलेली दिसत होती. धूळसुद्धा बसली होती त्यांच्यावर. मी ती खाली काढली, धुतली, तिच्या पुढ्यात मांडली आणि म्हणालो, “उद्यापासनं हीच.” तिनं मान डोलावली. “व्हय. तुमी म्हनाल तसं.”

तिनं शब्द पाळला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा चटणी आमची होती, आमटी आमची होती आणि अंगणात दोन गाड्या होत्या. त्याच्या पुढच्या खेपेला पारूबाईच नव्हती. नवऱ्याचं दुखणं वाढलं म्हणून घरी बसली, असा निरोप ठेवून गेली होती. तिच्या जागी आलेला आचारी मापं चोख वापरत होता आणि रिकाम्या पाटांवरच्या माश्या हाकत होता.

त्याच वर्षी पाऊस अवेळी पडला. शेंगा काढणीला आल्या असताना भिजल्या, आणि बाजारात दाणा आला तो बारीक, सुरकुतलेला आणि कडसर. माझ्या मापांना त्याचा पत्ता नव्हता. तेवढेच दाणे, तेवढंच तिखट, तेवढंच मीठ. आतापर्यंत सगळीकडे एकसारखी चांगली असलेली चटणी सगळीकडे एकसारखी वाईट झाली. स्टेशनावर लोक चटणी ताटात ठेवून उठू लागले. करमाळ्याचं तर बोलायलाच नको. गिरणीच्या खानावळीतही आता दोन उखळं होती, कारण माणसं वाढली होती. एक आत नीलाक्काचं, दुसऱ्यावर बाहेर गडी कागदाप्रमाणं कुटायचा. आणि जुनी गिऱ्हाइकं वाढप्याला सांगू लागली, “आतली आण. बाहेरची नगं.”

आप्पांच्या कानावर हे गेलं. एका सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात पाट मांडायला लावला. त्यावर तीन वाट्या. एक स्टेशनावरून आणलेली, एक गड्यानं कुटलेली, एक नीलाक्काची. नीलाक्का उखळापाशीच बसली होती, मुसळ हातात. आप्पा मला म्हणाले, “चाख.”

मी चाखली. पहिल्या दोन्ही कडू, कोरडी, बहिणी बहिणी. तिसरी जिभेवर ठेवली आणि मला भर सकाळी रडू यायचं बाकी राहिलं. त्याच मेल्या दाण्यातून तिनं चव काढली होती. दाणे कमी भाजले होते, कडसरपणा झाकायला जिरं वाढवलं होतं, कुठंतरी गुळाचा कणभर हात होता, आणि कुटलं होतं नेहमीपेक्षा बरंच जास्त, कारण त्या दाण्यात तेलच कमी होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आठ दिवस मी तिच्याशेजारी बसलो आणि आठ दिवस आकडे वेगळे आले, ते तिच्या हाताची चूक म्हणून नव्हे. दाणा रोज वेगळा होता. चव तीच राहावी म्हणून ती रोज हात बदलत होती. मी लिहून घ्यायला हवं होतं ते हेच, आणि नेमकं हेच मी सरासरीत पुसून टाकलं होतं.

“तिन्ही एक हायत का?” आप्पांनी विचारलं.

“न्हाईत. तिसरी येगळी हाय.”

“कागदावरची हाय?”

“न्हाय.”

मला आणखी दोनच शब्द बोलायचे होते. ‘तीच खरी.’ ते माझ्या जिभेवर आले होते. पण तसं म्हणायचं तर माझा कागद खोटा, माझी मापं खोटी, इतक्या वर्षांच्या माझ्या फेऱ्या खोट्या, आणि करमाळ्यात मी जे केलं तेही खोटं. आप्पांनी पुढं काही विचारलं नाही आणि मी आपण होऊन बोललो नाही.

आप्पा बहिणीकडे वळले. त्यांचा आवाज मऊच होता. “अक्का, तुझ्या हाताला तोड न्हाय, मला म्हाईत हाय. पन तुझे सांधे दुखत्यात. आज तू हायस, उद्या न्हाईस. तुझ्या चवीवर लोकाला सवय लावली आन् तू बसलीस, तर ह्या तीस कामाच्या मानसांनी कुटं जायचं? घरातच दोन चवी नगंत. तूबी मापानं कर.”

आप्पा दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं आजही मला खोडता येत नाही. तीस माणसांची चूल एका बाईच्या मनगटावर लटकती ठेवणं त्यांना जमत नव्हतं, आणि त्याची धास्ती त्यांना सुखानं बसू देत नव्हती.

नीलाक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी खाली वाटीत बघत राहिलो. तिनं मुसळ भिंतीला टेकवलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, “मग कागदालाच कुटाया सांगा.”

ती आत गेली. घर खानावळीच्या मागंच होतं. त्या दिवसानंतर तिनं खानावळीच्या चुलीला हात लावला नाही आणि खानावळीतलं अन्नही घेतलं नाही. मागच्या खोलीत तिनं वेगळी चूल मांडली. दार लोटून एकटीपुरतं करायची. आम्ही बाहेर शंभर माणसं वाढत असू, आणि आतून तिच्या छोट्या उखळाचा आवाज यायचा. थोडा वेळ येई, मग थांबे. कधी थांबायचं ते तिला अजून बरोबर कळत होतं. आप्पा तो आवाज आला की उठून बाहेर जात. मला तर जायलाही जागा नव्हती. नरसय्यांनी एकदा विचारलं, “नीलाक्का आजारी हाय काय?” मी “न्हाय” म्हणालो. ते समजले. नंतर ते आले नाहीत.

पुढच्या वर्षी दाणा चांगला आला आणि चटणी पूर्ववत झाली. स्टेशनाची खानावळ भरू लागली. आप्पांना हायसं वाटलं. मला वाटलं नाही. सकाळी बोट भांड्यात घालायचो आणि वाटायचं, आपण चव घेत नाही, आपलीच सही तपासतोय.

करमाळ्याची खानावळ बंद करायचं ठरलं. सामान आणायला आप्पांनी मला धाडलं. मी मोटारीतून उतरलो तो खानावळीत न जाता पारूबाईचं घर विचारत गेलो. ती अंगणात हुलगे पाखडत होती. नवरा आत खाटेवर होता. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं आणि उभी राहिली.

“माझं चुकलं,” मी म्हणालो.

“काय चुकलं?”

“शेंगोळे बंद केले ते.”

ती थोडं हसली. “तुमच्या घरचं नव्हतं ते, बंद केलंत. त्यात काय?”

“पारूबाई, तुमी परत या. तुमाला जे येतंय ते करा. मापं मी घिऊन जातो.”

“आन् पाटी?” तिनं विचारलं.

तोवर मी पाटीचा विचारच केला नव्हता. तिच्या अंगणात उभा राहून केला. आप्पांच्या नावाखाली तिचं जेवण म्हणजे सोलापूरच्या माणसाला फसवणं. नरसय्या बरोबरच बोलले होते. आणि आप्पांची चटणी करायला लावणं म्हणजे इथल्या माणसाला उपाशी उठवणं. मग उरलं एकच. मी म्हणालो, “पाटी तुमच्या नावाची.”

सोलापूरला परत आलो आणि आप्पांना सगळं सांगितलं. करमाळ्याची जागा, भांडी मला चालवायला द्या, तुमचं नाव काढून टाकतो, असं म्हणालो. आप्पा बसून होते. त्यांना इतका वेळ बसलेलं मी क्वचितच पाहिलं. शेवटी म्हणाले, “तुझी जीब गेली तर माझ्याकडं कोन चाखंल?”

“मापं हायत की,” मी म्हणालो. मनात नसताना ते टोचून गेलं.  जागा आणि भांडी वापरायची परवानगी मात्र आप्पांनी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

अकरा वर्षांची नोकरी अशी संपली. ‘पारूबाईची खानावळ’ अशी पाटी मीच माझ्या अक्षरात रंगवली. खाली जात लिहिली नाही. दोन-चार जणांनी त्यावरून तोंड वाकडं केलं, काही कायमचे तुटले. बायको-मुलांना घेऊन मी करमाळ्यातच राहिलो. माझं काम आता सरपण आणायचं, धान्य निवडून घ्यायचं, बाजाराच्या दिवशी वाढायचं. दुसरी शाखा, तिसरी शाखा असं आमच्या मनात कधी आलं नाही, असं मात्र नाही. एकदा जेऊरला जागा चालून आली होती. पारूबाई म्हणाली, “तितं कोन राहनार? तुमी का मी?” विषय तिथंच राहिला. बरोबर होतं का ते? आप्पांच्या खानावळीत पुढं कितीतरी जास्त माणसं जेवून गेली. आम्ही एकाच अंगणापुरते राहिलो. याचा हिशोब मला लावता येत नाही. कधी रात्री हे बरोबर वाटतं, सकाळी ते.

तीन-चार वर्षं गेली असतील. कार्तिकातल्या यात्रेचे दिवस. कमलाभवानीच्या दर्शनाहून येणाऱ्यांची रीघ लागली होती, मी हातात भाकऱ्यांची टोपली घेऊन पंगतीतून फिरत होतो. दारात एक म्हातारी बाई चपला काढत होती. बोटांचे सांधे वाकडे झालेले, बरोबर वळसंगकडची दोन बायामाणसं. मान वर केली तेव्हा ओळखलं. नीलाक्का.

मी टोपली ठेवून धावलो. पाया पडलो. “अक्का, तुमी सांगून आला असता तर—”

“देवीला आले. भूक लागली. म्हनले, मल्लाप्पा हितंच कुटंतरी हाय.” ती भिंतीकडेच्या पाटावर टेकली. “काय हाय आज?”

“शेंगोळे हायत. भाकरी हाय. चटणी...” मी अडखळलो.

पारूबाईनं स्वतः ताट आणून ठेवलं. नीलाक्कानं भाकरी मोडली, शेंगोळ्यांचा रस्सा कालवला. चटणीचा गोळा बोटानं फोडून घासाला लावला. मी समोर उकिडवा बसलो. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलायला मी तोंड उघडलं. “अक्का, त्या दिवशी तीन वाट्या होत्या, तवा मी—”

“जेवू दे रे,” ती म्हणाली.

मी ताकाचं भांडं तिच्या पुढ्यात सरकवलं. मग राहवेना म्हणून हळूच विचारलं, “चटणी कशी हाय?”

“मला काय इचारतोस? ती केलीय तिनं. मी जेवाया आलीय.”

आणि ती जेवत राहिली. सावकाश, एक एक घास, मधे ताकाचा घोट, कपाळावर तिखटानं आलेला घाम पदरानं टिपत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं रोज मी तिच्या हातचं चाखलं, तिच्या मुठी मोजल्या, तिच्या मुसळाचे घाव मोजले, पण कुणीतरी केलेलं, वाढलेलं अन्न खाताना तिला मी एकदाही पाहिलं नव्हतं. आमच्या खानावळीत कुणीच पाहिलं नव्हतं. ती शेवटी जेवायची, उभ्याउभ्या, उरलेलं, आमची पाठ फिरल्यावर.

तिच्या ताटातली भाकरी संपत आली होती आणि मी नुसता बघत बसलो होतो. तिनं मान वर केली.

“वाढ की,” नीलाक्का म्हणाली. “दोन जेवीन मी.”